अंगठ्याखालचं हाड

अण्णा, ऑपरेशन डोक्याचं झालं तर टाके पोटाला कशाचे, हे लोक अजून मलाच विचारतात. तुला माती देऊन आज दहा दिवस झाले. दुबलगुंडीच्या आपल्या घरी रोज कुणी ना कुणी भेटायला येतं, चहाची बशी खाली ठेवतं आणि आवाज बारीक करून तोच प्रश्न काढतं. शेवटच्या अंघोळीला अंगणात जमलेल्या सगळ्यांनी तुझ्या पोटावरचे टाके बघितले होते. निर्ण्याचे मामा तर तोंडावरच म्हणाले, "किडनी काढून घेतले असतील मास्तर. तुमी एवढं शिकलाव, तुमाला कसं कळालं न्हाई?"

मग मी हातात खडू नसताना शिकवायला लागतो. सांगतो की आतली सूज कवटीत मावेना, म्हणून डॉक्टरांनी उजव्या बाजूचं तळहाताएवढं हाड काढलं. ते हाड चांगलं राहावं म्हणून तुझ्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिलं. सूज उतरली की काढून परत डोक्याला बसवायचं होतं. बसवायची वेळच आली नाही. तुझ्या कवटीचा तुकडा तुझ्या पोटात राहिला आणि तसंच आम्ही तुला मातीत ठेवलं. मामा सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा किडनीचंच सांगतात.

मी सगळ्यांना सगळं सांगतो, एक गोष्ट सोडून. आणि नेमकं तेवढंच वहिनी रोज विचारायच्या. "त्या सोमवारी बिदरला जायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मी रानातनं आले तर सदरा खुंटीला. कामून काढले असतील हो भावजी? कुणी अडवलं असंल त्यांना?" मी म्हणायचो, ठाऊक नाही. दहा दिवसांत दहा वेळा म्हणालो असेन. अण्णा, मी वर्गातल्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करतो.

लोकांना वाटतं कवटीतल्या दाबाची गोष्ट मी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात शिकलो. खरं तर तो धडा तूच मला दिलास, मी आठ-नऊ वर्षांचा असताना. कळपातलं एखादं मेंढरू मान कलती करून जागच्या जागी गोल फिरायला लागायचं. चरणं सोडायचं, भिंतीला धडकायचं, डोळे उघडे असून त्याला दिसायचं नाही. आपले वडील, अप्पा, त्याला गुडघ्यांत दाबून धरायचे आणि तू त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवायचास, अगदी सावकाश, दाबत दाबत. एका जागी अंगठा थांबायचा. "हितं मऊ लागायलंय. पाणी झालंय ह्येच्या डोस्क्यात." आत पाण्याची पिशवी वाढत गेली की तिच्यावरचं हाड झिजून पातळ होतं, म्हणून अंगठा दबतो. अप्पा तिथलं हाड चाकूनं उचलायचे आणि पिशवी ओढून बाहेर काढायचे. काही मेंढरं चार दिवसांनी उठून चरायला लागायची, काही तिथंच पाय ताणायची.

मी ते एकदा बघितलं आणि भोवळ येऊन पडलो. तू अप्पांना म्हणालास, "ह्येला शाळेतच घाला. ह्यो मेंढराच्या कामाचा न्हाई." त्या एका वाक्यानं माझं सगळं आयुष्य ठरवलं. तू स्वतः चौथीत शाळा सोडलीस आणि मला मात्र रोज फाटकापर्यंत सोडून, मी आत गेलेला बघून, मगच मेंढरं पुढं हाकायचास. मी विज्ञानाचा मास्तर झालो, हुमनाबादला घर केलं, आणि त्या दिवसापासून तू मला नावानं हाक मारली नाहीस. मास्तरच म्हणायचास. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी नीट कळलं नाही. विचारायचं राहूनच गेलं. अंगठा कसा दाबायचा ते मात्र तू मला शिकवून ठेवलं होतंस. "चाकू नगं तर नगं, एवढं तर शीक. कवा तरी कामाला येईल," म्हणाला होतास.

तुझा आजार सकाळचा होता. तुरी फुलावर आल्या होत्या तेव्हा सुरू झाला. उठल्या उठल्या डोकं ठणकायचं, तू उंबऱ्यावर डोकं धरून बसायचास, मग भडाभडा उलटी व्हायची आणि थोड्या वेळानं बरं वाटायचं. आपल्याकडं या दुखण्याचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पित्त. उलटीनं आराम पडतो म्हणजे पित्तच, दुसरं काय असणार. वहिनींनी चहा बंद केला, जिरं-साखर सुरू केली. मी हुमनाबादहून गोळ्यांची पाकिटं आणली. आणि एका रविवारी तर तुला मिठाचं कोमट पाणी तांब्याभर पाजून, पाठीवर हात ठेवून, मीच ओकायला लावलं. तू ओकताना तुझ्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. पित्त पडतंय याचंच मला समाधान वाटत होतं.

रात्रभर आडवं पडलं की डोक्यातला दाब वाढतो, म्हणून ते दुखणं सकाळी असतं. उलटीसाठी जोर केला की तो क्षणभर आणखी चढतो. हे मला नंतर कळलं. वरातीमागून घोडं.

मग तुला एकाची दोन दिसायला लागली. तुला त्याची गंमत वाटायची, की गंमत वाटल्याचं तू दाखवायचास? "मास्तर, बसल्या जागी मेंढरं दुप्पट झालीत बघ माझी. आता तर इकायचं नाव बी काढू नगंस." मेंढरं विकण्यावरून आपलं भांडण जुनं. दर सुट्टीला मी यायचो, मेंढरं वीक म्हणायचो, तू नाही म्हणायचास, वहिनी दोघांना भाकरी वाढायच्या. त्या सोमवारीही मी तेच भांडायला आलो होतो.

तू कट्ट्यावर बसला होतास. दाढी केलेली, अंगात पांढरा इस्त्रीचा सदरा, पायात चपला. गावातल्या कंपाउंडरनं तुझे डोळे बघून सांगितलं होतं की बिदरला जाऊन डोक्याचा फोटो काढून घ्या. वहिनी रानात गेल्या होत्या. बस यायला अजून अर्धा तास होता. मी गाडी लावली, आणि तू नेहमीसारखी मस्करी न करता म्हणालास, "मास्तर, हिकडं ये. माझ्या डोस्क्यात पाणी झालंय."

मी हसलो. "तू मेंढरू हैस का अण्णा?"

"गप ये. अंगठा लावून बघ."

तू डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवलास आणि मान खाली घातलीस. अख्ख्या जन्मात तू माझ्यापुढं पहिल्यांदाच मान खाली घातलीस. तुला भीती वाटत होती. फोटोत काहीतरी निघेल याची ती भीती होती, आणि बिदरच्या डॉक्टरऐवजी मीच काय ते सांगून टाकावं असं तुला वाटत होतं, हे मला तेव्हाही दिसलं. मी तुझ्या डोक्यावरून अंगठा फिरवला, तू शिकवला होतास अगदी तसाच. कपाळापासून वर, मग टाळू, मग दोन्ही कानांच्या वर आणि मागं. कुठंही दबलं नाही.

"दगडावानी घट्ट हाय," मी म्हणालो. "तुला काय बी झालेलं न्हाई. पित्त हाय, आन् चष्मा लागलाय."

"नीट बघितलास का?"

"व्हय अण्णा. दोनदा बघितलो."

तू पटका परत डोक्याला गुंडाळलास. मग उठलास, सदरा काढलास, झटकून खुंटीला लावलास आणि रोजची बंडी घातलीस. "मग उगं कशाला जायाचं," म्हणालास. मीही म्हणालो, कशाला जायचं. आणि आपण दोघं मेंढरांवरून भांडायला बसलो.

मी नववीच्या पोरांना दाबाचा धडा शिकवतो. फुगा, पिचकारी, बंद भांड्यातलं पाणी. परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तू चौथी शिकलेला मेंढपाळ होतास, तू चुकलास तर त्यात तुझा दोष नाही. तुला माझ्या शिक्षणावर विश्वास होता, आणि मी त्या घटकेला शिक्षण बाजूला ठेवून मेंढपाळाचा अंगठा लावला. माझ्या हाताला तुझा गुण आला असं वाटून मला आतून बरंही वाटलं होतं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तीन आठवड्यांनी तू सकाळी पाण्याची घागर उचलायला वाकलास आणि डोकं धरून तिथंच बसलास. उलटी झाली, पण या वेळी नंतर आराम पडला नाही. तुला झापड यायला लागली. हाक मारली की डोळे उघडायचास, पुन्हा मिटायचास. जीपमध्ये मागच्या बाकावर तुला आडवं घातलं. डोकं वहिनींच्या मांडीवर, मान छातीकडं वाकलेली, गुलबर्ग्यापर्यंत सगळा रस्ता. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी काय केलं असेल तर तुझी मान सरळ केली आणि पलंगाचं डोकं वर उचललं. मान वाकली की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही, आत तुंबतं. वहिनींनी मायेनं मांडी दिली होती. त्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. एवढं तरी माझ्यापाशी राहू दे.

डॉक्टरबाई वयानं लहान, बोलायच्या कन्नडमध्ये, पण समजावून. फोटोत तुझ्या मेंदूत पाण्यानं भरलेली पिशवी होती, लिंबापेक्षा मोठी, आणि भोवती सूज. म्हणजे तू बरोबर होतास अण्णा. पाणीच झालं होतं. मी त्यांना विचारलं, "पण हाड तर कुठंच मऊ लागत नव्हतं." त्यांना आधी माझं बोलणंच कळेना. मग मी मेंढराचं सांगितलं आणि अंगठ्याचं सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा," त्या म्हणाल्या. "आत मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच मावतं. चौथं काही आलं की या तिघांनी सरकून जागा द्यायची. काही दिवस देतात, मग जागा संपते. लहान बाळाची टाळू फुगते, तुमच्या मेंढराचं हाड झिजतं. मोठ्या माणसाची कवटी हलत नाही. घट्ट आहे म्हणूनच तर मेंदू दाबला जातो."

मी विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? त्यांनी कागद खालीवर केले. "वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. पण चालत आले असते."

त्यांनी अजून एक विचारलं होतं. घरी कुत्रं आहे का? मेंढरांच्या पोटातलं, डोक्यातलं असलं काही ते खातं का? अशी पिशवी कधी कधी त्या वाटेनं माणसात येते, कुत्र्याच्या पोटातून, न धुतलेल्या हातातून. तुझी पिशवी तशीच होती असं त्या खात्रीनं म्हणाल्या नाहीत. पण मला मेलेल्या मेंढरांची ती डोकी आठवली, जी आपण पिढ्यान् पिढ्या कुत्र्यांपुढं टाकत आलो. परवा मी आपल्या वाघ्या कुत्र्याला भाकरीत घालून जंताची गोळी दिली. वहिनी बघत होत्या. 

पहिले दोन दिवस मी तुझी राखण केली, तू मेंढरांची करायचास तशी. पलंगाचं डोकं खाली येऊ द्यायचं नाही. मान एका बाजूला पडली की परिचारिकेला बोलवायचं. तुला खोकला येऊ नये, जोर पडू नये, भोवती गलका नको. सलाईनमधून एक औषध जायचं, ते मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे बाहेर काढायचं, आणि खालची पिशवी भरलेली बघून मला सुगी झाल्यासारखा आनंद व्हायचा. दर तासाला डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. त्या दोन दिवसांत माझ्या जगात तुझ्या दोन बाहुल्या सोडून काही नव्हतं.

मग पाहुणे आले. मामांनी देवाचा भंडारा आणला होता. एकेकानं आत जायचं, तुझं डोकं उचलून मांडीवर घ्यायचं, कपाळाला भंडारा लावायचा आणि कानात तुझ्या नावानं हाक द्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. आपल्यात आजाऱ्याला असंच भेटतात. मी दारात आडवा उभा राहिलो. "डोक्याला हात लावायचा न्हाई," म्हणालो. मामा म्हणाले, "सख्खा भाऊ हैस का कोण हैस? देवाला आडवायलास?" मी पहिल्यांदा त्यांच्या अंगावर ओरडलो. शेवटी भंडारा तुझ्या पायांना लावला. जाताना मामा वहिनींना म्हणाले, हा मास्तर दगड आहे. खरं सांगू का, त्या दारात मी डॉक्टरबाईंच्या सांगण्यापेक्षा माझ्या अंगठ्याच्या रागानं उभा होतो. वाट मोकळी करायची तिथं मी तुला अडवलं होतं, आणि आता सगळ्या जगाला अडवत सुटलो होतो.

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पिशवी निघाली, पण मेंदू उसळून वर आला होता, म्हणून ते हाड बसवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरबाईंनी मला मराठीत हाक मारायला सांगितलं. तुझी शुद्ध बघायची होती. "अंगठा दाखवा म्हणा," त्या म्हणाल्या. शुद्ध तपासायला ते असंच सांगतात, त्यात दुसरं काही नव्हतं. पण मी आधी माझ्याच अंगठ्याकडं बघितलं. मग म्हणालो, "अण्णा, अंगठा दाखव." तुझा उजवा हात चादरीवर हलला आणि अंगठा वर आला. तोच, नखाशी चिरा पडलेला. डॉक्टरबाई हसल्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो आणि खूप रडलो, कारण मला वाटलं तू वाचलास.

संध्याकाळी एक बाहुली मोठी झाली, म्हणजे आतला दाब पुन्हा चढला होता. औषधं वाढवली, यंत्रावरचा श्वास वाढवला, मला जे कळत होतं ते आणि जे कळत नव्हतं ते सगळं केलं. दोन दिवसांनी सकाळीच तू गेलास. तुझ्या दुखण्याचीच ती वेळ.

शेवटच्या अंघोळीला डोकं मी धरलं होतं. मामा पाणी घालत होते. ओल्या पट्टीवरून माझा अंगठा सरकला आणि उजव्या कानाच्या वर, जिथं त्या सोमवारी मी दोनदा बघितलं होतं, तिथं दबला. तिथं खाली हाड नव्हतं. मी अंगठा काढला नाही. मामा म्हणाले, "मास्तर, सोडा आता." तरी बराच वेळ मला हात सोडवेना.

अण्णा, मेंढरांचं भांडण तू जिंकलास. ती विकायची नाहीत असं वहिनींनी सांगून टाकलंय. 

आज सकाळी त्या तुझे कपडे काढत होत्या, वाटून द्यायला. खुंटीवरचा तो पांढरा सदरा हातात घेतला आणि पुन्हा तेच विचारलं. कामून काढले असतील, कुणी अडवलं असंल. या खेपेला मी ठाऊक नाही म्हणालो नाही. मी भिंतीला टेकून बसलो आणि सगळं सांगितलं. तुझं मान खाली घालणं, माझा अंगठा, दगडावानी घट्ट, दोनदा बघितलो, सगळं. शेवटी म्हणालो, "मीच अडवलो वहिनी."

त्या सदऱ्याच्या बाह्या आत घेऊन घडी घालत राहिल्या. घडी झाल्यावर म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. त्याच दिशी सांगितले मला. मास्तर बघितलाय, घट्ट हाय म्हणलाय, आता भ्या न्हाई म्हणले. लई दिसांनी दोन भाकरी खाल्ले त्या दिशी."

"मग रोज मला कामून विचारायलाव?"

"तुमी कवा सांगताव, ते बघायला."

सदरा त्यांनी वाटायच्या कपड्यांत टाकला नाही. माझ्यापुढं ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. हे लिहितोय तेव्हा तो माझ्यासमोरच आहे. तू तो अर्धा तासही घातला नव्हतास अण्णा. बाहीची इस्त्री अजून मोडलेली नाही.